खेळण्यांचें जतन : चक्रीच्या निमित्तानें

घरांतील सर्व वस्तूंमध्यें खेळण्याइतकी अल्पायुषी वस्तु दुसरी नसेल. तांब्याचा हंडा पिढ्यान् पिढ्या टिकतो. चेपला तर तांबट तो ठोकून देतो, आणि अगदींच निरुपयोगी झाला तर त्याची मोड तरी येते. पैठणी फाटली तरी तिचा जरीचा कांठ कोणी टाकून देत नाहीं. खेळण्याचें तसें नाहीं. तें जितकें आवडतें तितकें लवकर झिजतें, आणि मूल मोठें झालें कीं उरलेंसुरलें खेळणें अडगळींत जातें व अडगळींतून उकिरड्यावर. म्हणूनच पदार्थसंग्रहालयांचीं दालनें शस्त्रें, मूर्ति व दागिने यांनीं भरलेलीं असतात; त्याच काळांतील मुलें कशानें खेळत होतीं हें सांगणारी वस्तु मात्र एखाद्या कोपऱ्यांतच आढळते.

ही उणीव कशामुळें उत्पन्न होते आणि ती कशी भरून काढतां येईल, हें समजण्यास चक्री या लहानशा खेळण्याचें उदाहरण उपयोगी पडेल. दोन वाटोळ्या तबकड्या, त्यांना जोडणारा आखूड आंस आणि त्या आंसाला गुंडाळलेली हात-दीड हात दोरी, एवढाच या खेळण्याचा संसार. दोरीचें मोकळें टोंक बोटांत अडकवून चक्री खालीं सोडली कीं ती दोरी उलगडीत उतरते, आणि तळाशीं पोंचतांच तीच दोरी उलट गुंडाळीत हातांत परत येते. शहरांतील मुलें तिला यो-यो या परदेशी नांवानें ओळखतात. हिंदींत तिला चकई किंवा चकरी म्हणतात. मराठींत चक्री हा शब्द दारूकामापासून खाद्यपदार्थापर्यंत अनेक वाटोळ्या व फिरत्या वस्तूंना लावला जातो. येथें तो या दोरीच्या खेळण्यापुरताच योजिला आहे.

चक्रीची सारी गंमत तिच्या सावकाश उतरण्यांत आहे. हातांतून सुटलेला दगड पहिल्या सेकंदांत सुमारे ४.९ मीटर खालीं येतो. चक्री इतक्या त्वरेनें येत नाहीं. कारण उंचीमुळें तिच्या ठायीं असलेली शक्ति केवळ खालीं जाण्यांत खर्च न होतां बव्हंशीं तिला गरगर फिरविण्यांत खर्च होते. तबकडीची त्रिज्या ३ सेंटिमीटर व आंसाची त्रिज्या ३ मिलिमीटर धरली आणि दोरीची जाडी हिशेबांत घेतली नाहीं, तर चक्रीचा वेग वाढण्याचें प्रमाण मोकळ्या दगडाच्या एक्कावन्नाव्या भागाइतकें भरतें. म्हणजे नुसती सोडलेली चक्री पहिल्या सेकंदांत पुरती १० सेंटिमीटरहि उतरत नाहीं. तळाशीं दोरी संपते व उतरणें थांबतें, परंतु फिरणें थांबत नाहीं. तें फिरणेंच दोरीला पुन्हां आंसावर गुंडाळतें आणि चक्रीला वर ओढतें. येण्याजाण्यांत कांहीं शक्ति घर्षणामुळें वायां जाते. ती भरून काढण्यासाठीं खेळणारा बोटानें हलकासा हिसका देतो. तो हिसका नेमका केव्हां द्यावा हें ज्याला साधलें त्याला चक्री साधली.

दोरी आंसाला कशी जोडली आहे, यावरहि पुष्कळ अवलंबून असतें. ती आंसाला पक्की बांधलेली असेल तर चक्री खालीं जाऊन लागलीच परत येते. उलट आंसाभोंवतीं दोरीचा केवळ सैल फांसा घातलेला असेल, तर चक्री तळाशीं पोंचून त्या फांशांत जागच्या जागीं फिरत राहते, आणि हिसका मिळाल्यावरच वर येते. एप्रिल १९८५ मध्यें अमेरिकेच्या ‘डिस्कव्हरी’ या अंतराळयानांतून कांहीं खेळणीं मुद्दाम नेण्यांत आलीं, त्यांत यो-यो होता. वजनरहित अवस्थेंत तो दोरीवरून जाई व परतहि येई, परंतु टोंकाशीं फिरत राहण्यास तयार होईना. कारण दोरी ताणून धरण्यास लागणारा भारच तेथें नव्हता.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. चक्रीचा प्राण तबकडींत नसून दोरींत आहे. आणि काळाच्या तडाख्यांत सर्वांत आधीं नष्ट होते ती दोरीच. सुताला कसर लागते, तें कुजतें, तुटतें. त्यानंतर लांकूड जातें. मागें राहिलीच तर भाजलेल्या मातीची किंवा धातूची तबकडी राहते. पण ती तबकडी पाहून कोणत्या खेळाचा बोध होणार? दोरी गेली, खेळणारें मूल गेलें आणि खेळाचें नांवहि विसरलें गेलें, तर राहिलेली वस्तु मुकी होते. पदार्थसंग्रहालयापुढील खरी अडचण ही आहे.

प्राचीन ग्रीस देशाचें उदाहरण पाहावें. आंसानें जोडलेल्या भाजक्या मातीच्या दोन तबकड्या, अशा वस्तु तेथें सांपडल्या आहेत. त्यांपैकीं कांहींवर सुंदर चित्रें रंगविलेलीं असून इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांतील असे नमुने अथेन्स व न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत आहेत. ह्या वस्तु सूत गुंडाळण्याच्या रिळांसारख्या दिसतात, आणि कित्येक अभ्यासकांनीं त्यांना तेंच नांव दिलेलें आहे. ती शंका बऱ्याच अंशीं दूर झाली ती एका मद्यपात्रामुळें. बर्लिन येथील संग्रहांत इसवी सनापूर्वीं ४४० च्या सुमाराचा एक चषक आहे. त्यावर एक मुलगा दोरीनें लोंबकळणारी तबकडी हातांत धरून खेळत असल्याचें चित्र आहे. दोरी अडीच हजार वर्षांपूर्वींच नाहींशी झाली. चित्रकाराच्या कुंचल्यानें काढलेली तिची रेघ तेवढी राहिली. मातीची चक्री हातांतून निसटतांच फुटणार, हें उघड आहे. म्हणून या नाजूक चक्र्या प्रत्यक्ष खेळण्यासाठीं नसून देवाला वाहण्यासाठीं असाव्यात, असा तर्क केला जातो. कारण वयांत येतांना आपलीं खेळणीं देवतेला अर्पण करण्याची चाल ग्रीक मुलांमुलींत होती. अर्थात् सामान्य मुलांच्या हातांतील लांकडी चक्र्या केव्हांच मातीस मिळाल्या, आणि मागें उरल्या त्या बहुधा देवाच्या वांट्याच्या!

भारतांतहि या खेळण्याचा पुरावा वस्तूपेक्षां चित्रांत व शब्दांतच अधिक सांपडतो. राजस्थानांतील बुंदी अथवा कोटा येथील शैलीचें, इ. स. १७७० च्या सुमारास कागदावर जलरंगांत व सोन्यानें काढलेलें एक चित्र प्रसिद्ध आहे; त्यांतील स्त्री चक्री खेळत आहे. त्याच्याहि आधींचे, म्हणजे सोळाव्या शतकांतील व्रजभाषेचे कवि सूरदास यांच्या नांवावरील पदांत बाळकृष्ण आईपाशीं भोवरा आणि चकडोरी मागतो. चकडोरी म्हणजे चाक आणि दोरी. ज्या कवीनें हा शब्द योजिला त्यानें नकळत संग्रहालयाचें काम केलें. कारण खेळण्याचे दोन्ही अवयव त्या एका नांवांत सांपडतात. महाराष्ट्रांत तुकोबांच्या गाथेंत फुगडी, हमामा, टिपरी, चेंडूफळी अशा खेळांचे अभंग आहेत. त्यामुळें सतराव्या शतकांतील मुलेंमाणसें काय खेळत होतीं हें आज कळतें. परंतु त्या काळची एखादी टिपरी किंवा चेंडू दाखवा म्हटलें तर तें कठिण जाईल.

वस्तु आणि तिची हकीकत हीं दोन्हीं एकत्र राखलीं गेलीं म्हणजे काय साधतें, तें यो-योच्या अर्वाचीन इतिहासांत दिसतें. अठराव्या शतकाच्या शेवटीं फ्रान्स व इंग्लंड येथील उच्च वर्गांत या खेळण्याची मोठी हौस उत्पन्न झाली होती. १८६६ मध्यें अमेरिकेंतील सिनसिनाटी येथील जेम्स हेवन व चार्ल्स हेट्रिक यांनीं त्याच्या सुधारलेल्या बनावटीसाठीं पेटंट मिळविलें. पण त्याला आजचें नांव व आजची कीर्ति मिळाली ती फिलिपाइन्स बेटांतून अमेरिकेंत आलेल्या पेद्रो फ्लोरेस या गृहस्थामुळें. १९२८ मध्यें त्यानें कॅलिफोर्नियांतील सांता बार्बरा येथें यो-योचा कारखाना काढला. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्याचे तीन कारखाने झाले होते व त्यांतून दिवसाला सुमारे तीन लाख नग बाहेर पडत होते, असें सांगतात. आंसाभोंवतीं सैल फांसा घालण्याची फिलिपिनी पद्धति हें त्याच्या यशाचें मर्म होतें. पुढें डोनाल्ड डंकन या उद्योजकानें तो धंदा विकत घेतला, आणि यो-यो हें नांव आपल्या मालकीचें म्हणून चालविलें. १९४६ मध्यें त्यानें विस्कॉन्सिन संस्थानांतील लक या लहान गांवीं मोठा कारखाना उभारला. तेथें आसपासच्या मेपल वृक्षांचें कठिण लांकूड त्याला मुबलक मिळे.

या धंद्यांतील एका खटल्यानें संग्राहकांना एक अनपेक्षित साधन मिळवून दिलें. यो-यो हें नांव दुसऱ्यांना वापरतां येत नसल्यामुळें अन्य कारखानदार आपल्या मालावर ‘परत येणारा भोवरा’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द छापीत. १९६५ मध्यें अमेरिकेच्या अपील न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, हें नांव आतां सर्वसामान्य झालें असून त्यावर कोणा एकाची मालकी नाहीं. त्यानंतर डंकनच्या मूळ कंपनीचें दिवाळें निघालें, व १९६८ मध्यें तें नांव फ्लॅम्बो या कंपनीनें विकत घेतलें. परिणामीं प्रतिस्पर्धी कारखान्याचा ‘परत येणारा भोवरा’ हातीं आला तर तो बहुधा १९६५ पूर्वींचा असावा, असें अनुमान करतां येतें. याच रीतीनें सर्व तबकडी एकाच लांकडांतून कांतली आहे कीं तीन तुकडे जोडले आहेत, नांव रंगाच्या ठशानें उमटविलें आहे कीं चिकटविलें आहे, नोंदणीची खूण आहे कीं नाहीं, आणि लांकडाऐवजीं प्लॅस्टिक केव्हांपासून आलें, हें पाहून जुन्या यो-योचा काळ ठरवितात. मूळची दोरी व मूळचें वेष्टन टिकलें असेल तर अशा नगाचें मोल अधिक मानतात. कॅलिफोर्नियांतील चिको या गांवीं तर केवळ यो-योचें स्वतंत्र संग्रहालय उभें राहिलें, व त्यांत २५६ पौंड वजनाचा एक प्रचंड लांकडी यो-योहि ठेवण्यांत आला.

हें सर्व शक्य झालें याचें कारण यो-यो हें फार थोर खेळणें आहे असें नव्हे. कारखान्याचें नांव, पेटंटाचें वर्ष, जाहिरात, न्यायालयाचा निकाल, असा लेखी माग त्याच्यामागें राहिला, हें त्याचें कारण. आणि लेखी माग नसला कीं दंतकथा कशी फोंफावते याचाहि दाखला याच खेळण्यांत आहे. फिलिपाइन्सचे शिकारी झाडावर बसून मोठ्या यो-योनें जनावरें टिपीत, अशी एक कथा जगभर सांगितली जाते. तिला भक्कम पुरावा मिळालेला नाहीं. परंतु ती ऐकावयास गोड वाटते व माल खपविण्यास उपयोगी पडते, एवढ्यावर ती टिकून राहिली.

आतां हीच कसोटी आपल्या प्रांताला लावून पाहावी. पहिल्या शतकांतील एका ग्रीक नाविकानें लिहिलेल्या प्रवासवर्णनांत दक्षिणेंतील पैठण व तगर या दोन मोठ्या बाजारपेठांचा उल्लेख आहे. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर पैठणाच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर, असें तो सांगतो. तगर म्हणजेच धाराशिव जिल्ह्यांतील तेर, हें जे. एफ. फ्लीट या संशोधकानें १९०१ मध्यें दाखवून दिलें. नकाशावर पैठण व तेर यांना जोडणारी सरळ रेघ ओढली तर बीड शहर बहुतेक तिच्या मध्यावर येतें. म्हणजे जो मुलूख आज दुष्काळाच्या बातम्यांनींच ओळखला जातो, त्याच्या दोन्ही अंगांस दोन हजार वर्षांपूर्वीं भरभराटलेलीं नगरें होतीं. तेथें कापडाच्या गांठी भरणाऱ्यांचीं व गाडे हांकणाऱ्यांचीं मुलें खेळत असलींच पाहिजेत.

त्यांच्या खेळण्यांचें काय झालें? तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनीं गांवच्या पांढरींतून व शेतांतून मिळालेल्या प्राचीन वस्तु मोठ्या चिकाटीनें जमविल्या. त्यांतूनच त्यांच्या नांवाचें तेथील शासकीय संग्रहालय झालें. त्या संग्रहांत हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ति आहे. तशाच घडणीची मूर्ति १९३८ मध्यें इटलींतील पाँपेई येथें सांपडल्यामुळें तेरचा लौकिक सर्वत्र झाला. त्याशिवाय भाजक्या मातीच्या व पांढऱ्या केओलिन मातीच्या, दोन साच्यांत घडवून जोडलेल्या पोकळ मूर्ति हें सातवाहनकालीन तेरचें वैशिष्ट्य होय. यांतील कोणती मूर्ति देव्हाऱ्यांतील आणि कोणती मुलाच्या हातांतील, हें सांगणें सोपें नाहीं. या काळाच्या वसाहतींत मध्यें भोंक असलेल्या मातीच्या वाटोळ्या चकत्याहि सर्वत्र मिळतात. ती चकती टकळीची असूं शकेल, खेळण्याच्या गाड्याचें चाक असूं शकेल, किंवा दोरींत ओंवून फिरविण्याचें खेळणेंहि असूं शकेल. तिला चक्री म्हणावयास आधार नाहीं, आणि चक्री नव्हेच असें म्हणावयासहि नाहीं. भोंक आहे, भोंकांतून गेलेली दोरी नाहीं.

बीडला पश्चिमेकडून लागून असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें १९७४ मध्यें ब्राँझच्या चार वस्तु मिळाल्या : बैलजोडीचा रथ हांकणारा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. प्राणी चाकांवर बसविलेले आहेत. प्रथमदर्शनीं मुलांचे गाडेच वाटावेत. परंतु चौघांचें मिळून वजन ६० किलोग्रॅमहून अधिक भरतें. इतकें जड खेळणें कोणतें मूल ओढणार? त्या मिरवणुकींतल्या किंवा पूजेंतल्या वस्तु असाव्यात, असें म्हणतात. सारांश, जें खेळण्यासारखें दिसतें तें खेळणें नसतें, आणि जें खरोखर खेळणें असतें तें खापरीच्या तुकड्यांत हरवून जातें.

याबाबतींत महाराष्ट्राला दिनकर गंगाधर केळकर यांचे उपकार मानावे लागतात. १८९६ मध्यें जन्मलेले केळकर ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहीत. आपल्या अकालीं गेलेल्या राजा नांवाच्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनीं पुण्यांत वस्तुसंग्रह उभा केला आणि १९७५ मध्यें तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यांची दृष्टि राजवाड्यांपेक्षां माजघराकडे व स्वयंपाकघराकडे अधिक होती. अडकित्ते, दिवे, वज्र्या, करंडे, दौती, वाद्यें यांच्याबरोबर बाहुल्या, सोंगट्या व गंजिफा हींहि त्यांनीं जमविलीं. मोडींत जाणाऱ्या वस्तु त्यांनीं गांवोगांव हिंडून मिळविल्या. एका लहान मुलाच्या नांवानें उभ्या राहिलेल्या संग्रहालयांत खेळाच्या साधनांना स्थान मिळावें, हें फारच उचित झालें. मात्र एका माणसानें किती गांवें हिंडावीं? आणि विकत मिळालेल्या वस्तूबरोबर तिची हकीकत दर वेळीं मिळतेच असेंहि नाहीं.

हकीकतीचें मोल काय असतें, याचा सर्वांत सुंदर दाखला खुद्द बीड जिल्ह्यांतच आहे. अंबाजोगाईचे संतकवि दासोपंत (१५५१ ते १६१५) यांनीं ‘पंचीकरण’ हा आपला ग्रंथ सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद कापडावर लिहिला. तीच दासोपंतांची पासोडी. पासोडी म्हणजे थंडीवाऱ्यांत अंगावर घ्यावयाचें जाडेंभरडें वस्त्र. त्या काळीं मराठवाड्यांत अशीं किती पासोडीं विणलीं, पांघरलीं व फाटून गेलीं असतील! त्यांपैकीं एकहि दाखवितां येणार नाहीं. ही एक राहिली. कारण तिच्यावर अक्षरें होतीं. अक्षरांमुळें तिचा धनी कोण, काळ कोणता व तिचें प्रयोजन काय, हें पिढ्यान् पिढ्या लोकांना ठाऊक राहिलें, आणि म्हणून त्यांनीं ती जपली. जो न्याय कापडाला, तोच खेळण्याला. खेळण्यावर कोणी ग्रंथ लिहिणार नाहीं. परंतु त्याला बांधलेल्या चिठ्ठीवरील चार ओळी तेंच काम करूं शकतात.

आज बीड जिल्ह्यांत अशा चार ओळींची निकड आहे. जुन्या गॅझेटियरांत बीडच्या कातडी छागलीची व गुप्तीची कारागिरी नोंदलेली आहे, म्हणून ती आज ठाऊक आहे; तेथील मुलांच्या खेळण्यांची अशी नोंद कोणी ठेवली? पोळ्याला कुंभाराकडून आणलेली मातीची बैलजोडी सकाळीं पूजिली जाते व मागाहून मुलांच्या हातीं लागते. पुढच्या पोळ्यापर्यंत ती क्वचित्‌च धड राहते. ज्वारीच्या धांड्यांची बैलगाडी कडब्याबरोबर नाहींशी होते. बाटलीचें पत्र्याचें बूच ठोकून सपाट करावयाचें, त्याला दोन भोकें पाडून दोरा ओंवावयाचा, आणि दोन्ही हातांनीं ताणून-सैल करून गरगर फिरवावयाचें, ही भिंगरी खेड्यापाड्यांतील मुलांना पैशावांचून मिळणारें खेळणें होय. चक्रींत दोरी गुंडाळली जाते व भिंगरींत ती पिळली जाते, एवढाच दोहोंत भेद. दोरीनें शक्ति सांठवावी व चकतीनें ती फिरून परत द्यावी, हें तत्त्व दोहोंत समान आहे. म्हणजे बर्लिनच्या चषकावरील मुलगा आणि बीडच्या माळावर बूच फिरविणारा मुलगा हे एकाच खेळाच्या दोन शाखा चालविणारे आहेत.

या जिल्ह्यांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास फार मोठ्या संख्येनें ऊसतोड कामगारांचीं कुटुंबें पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात, आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. पांच-सहा महिन्यांचा संसार गाडींत भरतांना कोयता, तवा व पांघरूण यांना जागा मिळते. खेळण्याला बहुधा मिळत नाहीं. फडावरचें मूल हातीं लागेल त्यांतून तेथल्या तेथें खेळणें बनवितें आणि मुक्काम हालला कीं तेथेंच टाकून जातें. शंभर वर्षांनीं एखाद्या अभ्यासकानें या मुलांविषयीं विचारलें, तर त्याला मजुरीचे दर, साखरेचें उत्पादन व उचलीचे आंकडे कागदोपत्रीं मिळतील. तीं मुलें कधीं खेळलीं कीं नाहीं, हें मात्र कोठेंच मिळणार नाहीं. ज्या समाजाचें बालपण कोठेंहि नोंदलें जात नाहीं, त्याला बालपण नव्हतेंच असें समजण्याची चूक इतिहासांत सहज घडते.

हें टाळण्यास मोठ्या इमारतीची वाट पाहण्याचें कारण नाहीं. एखाद्या शाळेनें कपाटाचा एक खण यासाठीं राखावा. खेळणें आलें कीं तें कोणत्या गांवचें, कोणीं व कशाचें बनविलें, कोणत्या वर्षीं, कोणत्या सणाला किंवा हंगामांत, त्याला घरांत काय म्हणत, आणि तें कसें खेळत, हें कागदावर लिहून त्याच्याजवळ ठेवावें. नांव लिहितांना घरांत रूढ असलेला शब्दच लिहावा. पुस्तकी शब्द मागाहून कोणालाहि सुचेल, परंतु बोलींतला शब्द एकदां गेला कीं परत येत नाहीं. दोरी असेल तर ती कशी बांधली होती याची एक साधी आकृति काढावी, कारण सर्वांत आधीं जाणारी वस्तु तीच आहे. तुटलेलें खेळणें रंगवून नवें करूं नये. झीज हाहि पुरावाच असतो, आणि कोणत्या जागीं बोटें लागत होतीं हें झिजेवरूनच कळतें. कपाट ओलीपासून व कसरीपासून जपावें. खेळ जाणणारीं वडीलमाणसें हयात असतील तर त्यांच्याकडून तो प्रत्यक्ष करवून घ्यावा व त्याचें चलच्चित्र घ्यावें; तें साधन आज बहुतेक घरांत खिशांत असतें.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनाहि हा विचार लागू आहे. कित्येकांच्या माळ्यावर आजोबांच्या काळचा भोवरा, आजीची भातुकली किंवा परदेशांतून कोणी आणलेला लांकडी यो-यो पडून असेल. त्याची बाजारांत किंमत काय येईल हा प्रश्न प्रथम मनांत येतो, आणि तो स्वाभाविक आहे. परंतु परदेशांतील संग्राहकांच्या अनुभवावरून दिसतें तें हेंच कीं, किंमतसुद्धां वस्तूइतकीच तिच्या खात्रीलायक माहितीला येते. ती माहिती आज ज्यांच्या स्मरणांत आहे तीं माणसें वृद्ध होत चाललीं आहेत. वस्तु माळ्यावर आणखी वीस वर्षें वाट पाहूं शकेल. स्मरण तितकें थांबणार नाहीं. तेव्हां खेळणें खालीं काढण्याच्या आधीं कागद व लेखणी घेऊन त्या वडील माणसापाशीं बसावें, आणि या खेळण्याला दोरी कशी लावीत होते, एवढें तरी विचारून घ्यावें.